महिन्याचं पुडकं

मागच्या वर्षी नववीच्या बॅचला वेग-वेळ-अंतर शिकवत होते. तीच ती ट्रेन, तोच तो प्लॅटफॉर्म, तोच ताशी ६० किमी, शिकवता शिकवता मलाच जांभया यायला लागल्या, म्हणून एका रात्री ओटा-बिटा आवरून झाल्यावर जुनी इंग्रजी कोडी शोधत बसले आणि त्यात एक सापडलं. दोघंजण दुपारी ३ वाजता चालायला निघतात. आधी सपाट रस्ता, मग डोंगर चढून माथा, मग त्याच वाटेने परत, आणि घरी पोचतात तेव्हा ९ वाजलेले असतात. सपाटीवर ताशी ४ मैल, चढावर ३, उतारावर ६. तर एकूण किती मैल चालले, आणि माथ्यावर किती वाजता पोचले ते अर्ध्या तासाच्या फरकाने सांगा.

सपाट रस्ता किती आणि चढ किती, ते दिलेलंच नाही. पहिल्यांदा वाचलं की वाटतं कोडं घालणारा काहीतरी लिहायचं विसरला.

विसरला नव्हता. तो लुइस कॅरॉल होता, अ‍ॅलिसवाला, ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवायचा. हे मला साधारण माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे की ते कोडं पहिल्यांदा छापलं गेलं एप्रिल १८८० मध्ये 'द मंथली पॅकेट' नावाच्या मासिकात, आणि हे मासिक गणिताचं वगैरे अजिबात नाही, चर्च ऑफ इंग्लंडमधल्या तरुण मुलींना धर्माच्या वाटेवर ठेवण्यासाठी काढलेलं मासिक. पूर्ण नाव एवढं लांबलचक की मराठीत आणायचं तर 'इंग्लिश चर्चच्या तरुण सभासदांसाठी संध्याकाळच्या वाचनाचं मासिक पुडकं' असं काहीतरी होईल. पुडकं! मला एकदम वाण्याकडचं दोऱ्याने बांधलेलं पुडकंच दिसलं, चहा-साखरेऐवजी आत थोडा धर्म, थोडा इतिहास, कादंबरीचं एक प्रकरण, आणि तळाशी कुठेतरी सांडलेलं हे कोडं.

तेव्हापासून जे वेड लागलंय ते लागलंय. नवरा झोपतो, मी मोबाईलवर दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्लिश मुलींचे स्कॅन केलेले अंक वाचत बसते, पानं पिवळी, कडेला कुणाच्या तरी ग्रंथालयाचा शिक्का. मी काही ख्रिश्चन नाही, इतिहासवाली पण नाही. पण आमचं घर गुरुवार पेठेत आणि लहानपणापासून पंचहौदच्या चर्चची घंटा ऐकत आलोय, त्याचा इथे संबंध येणार आहे, तो पुढे सांगते.

तर हे पुडकं बांधणारी बाई शार्लट यंग. स्पेलिंग वेगळं आहे, उच्चार यंगच. जन्म १८२३, गाव ऑटरबर्न, विंचेस्टरजवळ हॅम्पशायरमध्ये, आणि मृत्यू १९०१, गाव तेच. लग्न केलं नाही. वयाच्या सातव्या वर्षी गावातल्या संडे स्कूलमध्ये शिकवायला लागली (हो, सातव्या, शिकायला नाही शिकवायला) आणि म्हातारी होईपर्यंत शिकवत राहिली. वडील वॉटर्लूच्या लढाईत लढलेले, घरीच तिला शिकवायचे, आणि शिकवताना एवढे चिडायचे की पोरगी रडायची, पण धडा सोडायची नाही. गाव हर्स्लीच्या धर्मगुरूकडे यायचं आणि १८३६ पासून तिथला धर्मगुरू होता जॉन कीबल. हा माणूस साधासुधा खेड्यातला व्हिकर नव्हे. १४ जुलै १८३३ ला ऑक्सफर्डमध्ये त्याने जे प्रवचन दिलं त्यातूनच ती ऑक्सफर्ड मूव्हमेंट निघाली असं मानतात. थोडक्यात म्हणजे सरकारने चर्चच्या कारभारात हात घालू नये, आणि इंग्लंडचं चर्च हे जुन्या, प्रेषितांपासून चालत आलेल्या चर्चचाच भाग आहे, त्याचे विधी, उपास, सण सगळं गांभीर्याने पाळा, असा तो सूर. पंधराव्या वर्षी तिचं दृढीकरण (कन्फर्मेशन, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचा शब्द स्वतः पक्का करण्याचा विधी) झालं त्याची तयारी कीबलनेच करून घेतली. बाईंचा आयुष्याचा साचा तिथे जो पडला तो पडला.

तिला पहिलं पुस्तक छापायचं होतं तेव्हा घरात चक्क कौटुंबिक बैठक बसली. घरंदाज मुलीने पैशासाठी लिहायचं म्हणजे काय, आजीला तर पटतच नव्हतं. शेवटी तोडगा निघाला की छापा, पण कमाई सगळी धर्मकार्याला. आणि तिने हे आयुष्यभर पाळलं की. १८५३ ला तिची कादंबरी तुफान खपली, त्या पैशातला वाटा गेला दक्षिण पॅसिफिकमधल्या बेटांवर फिरणाऱ्या मिशनच्या जहाजाला, 'सदर्न क्रॉस' त्याचं नाव. पुढच्या एका कादंबरीचे २००० पौंड न्यूझीलंडमध्ये ऑकलंडजवळच्या कोहिमारामाला मिशनचं कॉलेज बांधायला. ही पुढची कादंबरी पुडक्यातूनच क्रमशः यायला लागली होती. म्हणजे विचार करा, हॅम्पशायरमधल्या एका खेड्यात एक बाई टेबलाशी बसून काल्पनिक कुटुंबातल्या अकरा पोरांची कथा लिहितेय आणि त्यातून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला भिंती उभ्या राहतायत.

पुडकं सुरू झालं जानेवारी १८५१ ला, तेव्हा ती २७ वर्षांची. वेळ पण बघा. न्यूमन, ऑक्सफर्ड मूव्हमेंटमधला सगळ्यात मोठा माणूस, १८४५ मध्येच रोमन कॅथलिक झालेला, १८५१ मध्ये त्याच चळवळीतला मॅनिंग पण त्याच वाटेने गेला, आणि बाहेरचे लोक म्हणत होते की बघा आम्ही म्हणत नव्हतो, ही सगळी मंडळी रोमच्या वाटेवरच आहेत. अशा वेळी मासिकाच्या नावातच 'इंग्लिश चर्च' घालणं म्हणजे दारावर पाटी लावणं, आम्ही इथेच आहोत, कुठेही जाणार नाही.

पहिल्या अंकात तिने वाचकांना एक पत्र लिहिलंय. मला ते फार आवडतं. मुलींनो म्हणू, कुमारिकांनो म्हणू, तरुण स्त्रियांनो म्हणू, तुम्हाला जे आवडेल ते घ्या, अशी सुरुवात. पुढे म्हणते की माणसाचं शील पंधरा ते पंचवीस या वयात ज्याचं त्याने घडवायचं असतं, शाळा संपली तरी स्वतःला शिकवणं संपत नाही, आणि हे मासिक त्या कामाला थोडीफार मदत म्हणून आहे, गुरू म्हणून नाही, त्यासाठी जास्त गंभीर पुस्तकं आहेत, हे फुरसतीतलं सोबती. स्वतःला शिकवणं. तेव्हा इंग्लंडमध्ये मुलींना युनिव्हर्सिटीत डिग्री नव्हती, मध्यमवर्गीय घरातल्या मुलीची शाळा सतराव्या-अठराव्या वर्षी संपायची (तीही गव्हर्नेसकडेच बऱ्याचदा) आणि मग लग्न ठरेपर्यंत भरतकाम, भेटीगाठी आणि भावांचे सदरे. त्या रिकाम्या दहा वर्षांत हे पुडकं दर महिन्याला येऊन पडायचं.

आणि आत काय काय! कॅटेकिझम म्हणजे धर्माची प्रश्नोत्तरी असते ना, ती पाठ करायची गोष्ट, पण हिने ती संवाद करून टाकली, एक बाई आणि काही मुली बसून एकेका वाक्यावर बोलतायत, मुली शंका काढतायत, बाई सांगतायत. इंग्लंडच्या इतिहासातले प्रसंग वर्षानुवर्षं चालू राहिलेले, आणि ते काही दोन ओळींत उरकलेले नाहीत, राजे-राण्या, वारसाहक्काची भांडणं, सगळं तपशिलात. फुलापानांबद्दल, परदेशातल्या मिशन्सबद्दल, भाषांतरं, कादंबऱ्या. धार्मिक मासिक म्हटल्यावर मी जे समजले होते, म्हणजे दर पानाला एक 'देव बघतोय हं', तसलं नाही हे.

तसलंही होतंच म्हणा इंग्लंडमध्ये. त्याचा उस्ताद कॅरस विल्सन नावाचा धर्मगुरू, त्याने १८२४ मध्ये 'चिल्ड्रन्स फ्रेंड' काढलं, मुलांचा मित्र. राणी व्हिक्टोरिया गादीवर यायच्याही आधीचं, पण पुढे तिच्या सगळ्या काळात चाललं आणि त्यानंतरही. नाव मित्र, आणि आत पान उलटावं तर कोण ना कोण पोर मरतंय. चांगलं मूल असेल तर शांतपणे, उपदेश करत करत मरतं, वाईट असेल तर खोटं बोलल्या बोलल्या खाडकन. याच विल्सनने काउअन ब्रिजला धर्मगुरूंच्या मुलींसाठी शाळा काढली होती, पुढे लेखिका झालेली शार्लट ब्राँटे आणि तिच्या बहिणी तिथेच होत्या, त्यातल्या मोठ्या दोघी मरिया आणि एलिझाबेथ आजारी पडून घरी आल्या आणि १८२५ मध्ये गेल्या. शार्लट ब्राँटेने ते विसरलं नाही, तिच्या 'जेन एअर' कादंबरीतला तो काळ्या खांबासारखा ब्रॉकलहर्स्ट म्हणजे हाच, आणि तो छोट्या जेनच्या हातात एक पुस्तिका पण देतो, खोटारड्या मुलीच्या अचानक मृत्यूची. मासिकाच्या संपादकावर घेतलेला याहून भारी सूड मला तरी माहीत नाही.

हे वाचताना मी हसले खरी पण मग आपल्या चातुर्मासातल्या कहाण्या आठवल्या. आटपाट नगर होतं. एक बाई वसा टाकते, उतते, मातते, लगेच दारिद्र्य, लगेच मुलं जातात, नवरा हाकलून देतो. मग वसा घेते, सगळं परत. आजी सोमवारी सांगायची आणि आम्ही पोरं तोंडाचा आ वासून ऐकायचो, मला तर मधली दरिद्री होण्याची जागाच सगळ्यात आवडायची. तेव्हा धार्मिक गोष्टीतून पोरं नेमकं काय उचलतात हे सांगणाऱ्याच्या हातात नसतं, हे इंग्लंडमध्येही तसंच असणार, त्या मरणाऱ्या पोरांच्या गोष्टी कितीतरी मुलांनी भुताच्या गोष्टींसारख्या पांघरुणात घुसून वाचल्या असतील.

यंगबाईंच्या मासिकाबरोबरच वाचायचं तर दुसरं एक आहे, 'आंट ज्युडीज मॅगझिन', १८६६ ते १८८५, जरा लहान मुलांसाठी. हे काढलं मार्गरेट गॅटी नावाच्या बाईने, ही यॉर्कशायरमधल्या एकल्सफील्डच्या धर्मगुरूची बायको, घरात मुलांचा गोतावळा, आणि छंद काय तर समुद्रशेवाळ. गंमत नाही करत, ब्रिटनच्या समुद्रशेवाळांवर तिचा जाडजूड ग्रंथ आहे १८६३ चा, आणि त्यात बायकांना सल्ला आहे की किनाऱ्यावर शेवाळ गोळा करायला जाताना मुलग्यांचे शिकारीचे बूट घाला, कशा दिसतो याची काळजी सोडा आणि पाय ओले होण्याची भीती नसण्यातलं सुख अनुभवा. धर्मगुरूची बायको! मला ही बाई शेजारी हवी होती. तिच्या मासिकाच्या वाचक पोरांनी खाऊचे पैसे साठवून लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये एक खाट घेतली, आंट ज्युडीची खाट म्हणून. ज्युडी म्हणजे तिची मुलगी ज्युलियाना, गोष्टी सांगणारी, तिच्याच टोपणनावावरून मासिकाचं नाव. लुइस कॅरॉल इथेही लिहून गेलाय, १८६७ च्या डिसेंबरात.

बाकी मासिकांचा नुसता पूर आला होता त्या काळात. वर्तमानपत्रांवरचा कर १८५५ ला गेला, कागदावरचा १८६१ ला, छपाई स्वस्त झाली, आणि एकीकडे रक्त-खून-दरोड्याच्या पेनीवाल्या गोष्टी पोरं चोरून वाचायला लागली म्हणून दुसरीकडे धर्मगुरू मंडळी अर्ध्या पेनीत 'चॅटरबॉक्स' घेऊन मैदानात. ते अर्स्किन क्लार्क या धर्मगुरूने १८६६ ला काढलं. त्यात एक व्यवहाराची गोष्ट पण होती, कडक घरांत रविवारी खेळ बंद, खेळणी कपाटात (नोहाचं जहाज तेवढं चालायचं, बायबलमधलं ना!), साधी गोष्टीची पुस्तकं पण बंद, मग पोरांनी दिवसभर करायचं काय? धार्मिक मासिक रविवारी वाचायला चालायचं. अर्धं यश तिथेच.

एका ठिकाणी मात्र मी अडखळले. चर्च मिशनरी सोसायटीचं मुलांसाठी वेगळं मासिक होतं, १८४२ पासून. त्यात आपण आहोत. म्हणजे तुम्ही-मी नाही, पण ज्यांच्यासाठी इंग्लंडमधली पोरं पत्र्याच्या डब्यात पेनी टाकत होती ती मूर्तिपूजक मुलं. याच सोसायटीची नाशिकची ख्रिस्ती वसाहत म्हणजे शरणपूर, १८५४ च्या सुमाराचं, आता तिथून जाताना फक्त शरणपूर रोडचं ट्रॅफिक दिसतं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही तिथे शिकली, त्यातला एक जेकब वेनराइट, तो पुढे आफ्रिका धुंडाळणाऱ्या लिव्हिंगस्टनच्या शवाबरोबर थेट लंडनला गेला. हे सगळं वाचताना एकाच वेळी दोन गोष्टी होतात, एकीकडे राग येतो की अरे आम्ही काय चित्रातले बिचारे आहोत का, आणि दुसरीकडे त्या सहा वर्षांच्या इंग्लिश पोराचं काय चुकलं, त्याने नाशिक नावाचा शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकला आणि आपल्या खाऊतली पेनी काढून दिली. मी हे दोन्ही तसंच ठेवलंय, जुळवायच्या भानगडीत पडले नाही.

आता परत यंगबाईंकडे, कारण खरी मजा तिथे आहे.

ही बाई बायकांच्या बाबतीत काही पुढारलेली वगैरे नव्हती. उलट. १८७४ पासून तिने पुडक्यात स्त्रियांवर एक लेखमाला लिहिली, आणि त्यात सुरुवातीलाच सरळ म्हणून टाकलंय की स्त्री ही पुरुषापेक्षा कमी आहे यावर माझा पूर्ण विश्वास आहे आणि हे तिने स्वतःच ओढवून घेतलंय. एमिली डेव्हिस मुलींसाठी कॉलेज काढायच्या खटपटीत होती (तेच पुढे गर्टन) तिने पाठिंबा मागितला १८६८ मध्ये, तर बाईंनी नाही म्हणून कळवलं, एवढ्या मुली एका ठिकाणी गोळा करायला माझा विरोध आहे, मुलीने वडिलांच्या हाताखाली घरी शिकावं. स्वतः तशीच शिकली होती ना, रडत रडत.

आणि याच बाईने १८५९ पासून काय केलं, तर ओळखीपाळखीतल्या हुशार मुलींचा एक गट जमवला. घरोघरी बसलेल्या मुली, पत्राने जोडलेल्या. त्या गटाचं नाव गॉस्लिंग्ज, म्हणजे हंसिणीची पिल्लं, आणि या मदर गूज, हंसमाता. दर महिन्याला प्रश्न फिरवायचे, इतिहास, साहित्य, भाषा, कशावरही, मुलींनी पुस्तकं धुंडाळून उत्तरं लिहायची, सगळ्यात चांगली निवडून सगळ्यांत फिरवायची. प्रत्येकीचं टोपणनाव. एक होती चेल्सी चायना, म्हणजे त्या प्रसिद्ध पोर्सलीनच्या बाहुल्या, ती क्रिस्टाबेल कोलरिज, कवी कोलरिजची नात, तीच पुढे १८९१ पासून पुडक्याची जोडसंपादक झाली. त्यांचं हस्तलिखित मासिक पण होतं, 'बार्नॅकल'.

टोपणनावांचं वाचून मी फोन ठेवला आणि बराच वेळ आमच्या आत्याचा विचार करत बसले.

आत्या आता ८४ ची. पेपर आला की आधी शब्दकोडं, मग पहिलं पान. चौदा-पंधरा वर्षांची असताना ती एका मासिकाला कोड्याची उत्तरं पोस्टकार्डावर पाठवायची, आणि एकदा 'बरोबर उत्तरं पाठवणारे' यात तिचं नाव छापून आलं. आजोबांनी ते वाचलं. ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, मुलीचं नाव असं चारचौघांत छापून कशाला यायला हवं. झालं. पुढच्या महिन्यापासून आत्याने 'कु. शेवंती' नावाने कार्डं टाकायला सुरुवात केली. आजोबा दर महिन्याला ती यादी वाचायचे आणि म्हणे एकदा म्हणालेही, ही शेवंती कोण आहे, पोरगी हुशार दिसते.

लुइस कॅरॉलची ती कोडी पुडक्यात १८८० ते १८८५ चालली, दहा भागांत, एकेका भागाला तो गाठ म्हणायचा. वाचकांची उत्तरं यायची, तो तपासायचा, पहिला वर्ग दुसरा वर्ग असे क्लास लावायचा, आणि चुकलेल्यांची अशी काही खिल्ली उडवायचा की माझ्या क्लासमध्ये मी तसं केलं तर पालक दुसऱ्या दिवशी दारात. नावं सगळी टोपण. एक होती 'डायना माइट', जोरात म्हणून बघा. एक 'ब्रॅडशॉ ऑफ द फ्युचर', ब्रॅडशॉ म्हणजे तेव्हाचं रेल्वेचं टाइमटेबल. पहिल्या गाठीचं एक उत्तर तर कवितेत आलेलं. बऱ्याच जणांनी मैल बरोबर काढले आणि वेळेत घोळ घातला, चढ आणि सपाटी नेमकी किती हे स्वतःच ठरवून टाकलं. माझ्या नववीच्या पोरांनी पण डिट्टो तेच केलं, दीडशे वर्षांत माणूस काही बदललेला नाही.

तर आज्ञाधारकपणा शिकवायला काढलेलं मासिक, आणि पद्धत काय तर प्रश्न विचारायचे, उत्तर स्वतः शोधायला लावायचं. आता असं करून बघा, मुलींना दहा-बारा वर्षं दर महिन्याला प्रश्न घालत राहा आणि मग अपेक्षा करा की पुढचा प्रश्न त्या तुम्हाला घालणार नाहीत. त्या हंसपिल्लांत एक मेरी अर्नल्ड होती. तिची सुरुवातीची एक गोष्ट १८७० मध्ये अशाच एका चर्चवाल्या मासिकात आली. तीच मेरी लग्नानंतर मिसेस हंफ्री वॉर्ड झाली आणि १८८८ मध्ये तिने एक कादंबरी लिहिली, एका तरुण धर्मगुरूची श्रद्धा उडते आणि तो चर्च सोडतो, अशी. देशभर गाजली, माजी पंतप्रधान ग्लॅडस्टनने तिच्यावर लेख लिहिला. मात्र ही बाई बायकांच्या मताधिकाराच्या विरोधातही पुढे होती, म्हणजे कुठलं पिल्लू कुठल्या तळ्यात पोहेल काही सांगता येत नाही.

आणि आता पंचहौद.

ऑक्सफर्ड मूव्हमेंटमधूनच इंग्लंडच्या चर्चमध्ये पुन्हा सिस्टर्सचे, म्हणजे व्रतस्थ बायकांचे, संघ निघाले, त्यातला एक इंग्लंडमधल्या वाँटेज गावचा, १८४८ चा. यंगबाई त्या संघाच्या बाहेरून जोडलेल्या सभासद होत्या, म्हणजे व्रत न घेता घरी राहून. या वाँटेजच्या सिस्टर्स १८७७ मध्ये पुण्यात आल्या. पंचहौदचं मिशन, ते पवित्र नाम देवालय, तो उंच मनोरा, हे सगळं ऑक्सफर्डजवळच्या काउलीच्या फादर लोकांचं (तोही असाच एक संघ, पुरुषांचा) आणि या सिस्टर्सचं, त्याच ऑक्सफर्ड मूव्हमेंटच्या घराण्यातलं. इथेच १८९० मध्ये टिळक-रानडे प्रभृतींनी चहा घेतला आणि पुण्यात प्रायश्चित्ताचा जो गदारोळ झाला तो सगळ्यांना माहीत आहे. मी चाळीस वर्षं ती घंटा ऐकतेय आणि मला कधी वाटलं नव्हतं की तिची दोरी हॅम्पशायरच्या एका खेड्यापर्यंत जाते.

या सिस्टर्सच्या ओळखीने पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेजला त्यांचा आणि त्यांच्या छोट्या मुलीचा, मनोरमेचा, बाप्तिस्मा झाला. पुढच्या वर्षी चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजमध्ये, तिथल्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याकडे. आणि मग पत्रव्यवहार सुरू झाला, वाँटेजच्याच सिस्टर जेराल्डिनबरोबर, तो छापून उपलब्ध आहे आणि मी तो पुडक्याच्या नादात पुन्हा काढून वाचला. रमाबाई विचारतायत, त्रैक्य, म्हणजे एकाच देवाची तीन रूपं, मी का मानू? तुमच्या क्रीडमधलं, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीतलं, हे वाक्य बायबलमध्ये कुठे आहे? कॉलेजात मुलग्यांना शिकवायची वेळ आली तर मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी आक्षेप घेतला, तिने पुरुषांना शिकवणं बरं दिसणार नाही, तिच्या लोकांत तिचं वजन कमी होईल, तेव्हा रमाबाई कडाडल्याच, माझ्या आईला वडिलांनी आणि मला नवऱ्याने कधी असं अडवलं नाही. मे १८८५ च्या पत्रात त्या म्हणतात त्याचा आशय असा की आत्ता कुठे मोठ्या कष्टाने आपल्याकडच्या पुरोहितांच्या जोखडातून मान सोडवलीय, आता लगेच दुसरं तसंच जोखड घ्यायची माझी तयारी नाही.

सिस्टर जेराल्डिनना हा अहंकार वाटत होता. मला त्या बाईंचा सुद्धा राग येत नाही, कारण त्या ज्या वातावरणात वाढल्या तिथे प्रश्न विचारायचा तो उत्तर आधीच मान्य करून, त्या संवादरूपी कॅटेकिझममधल्या मुली विचारतात तसा, नम्रपणे, बाईंना पुढचं वाक्य बोलता यावं एवढ्यापुरता. रमाबाईंना ते माहीतच नव्हतं. त्या शास्त्रार्थाच्या घरातून आलेल्या, तिथे प्रश्न म्हणजे समोरच्याला हरवायचंच. अठरा हजार श्लोक पाठ असलेल्या बाईला तुम्ही प्रश्नोत्तरी द्याल तर ती त्यातला प्रश्न घेणार आणि उत्तर परत करणार. हे माझं मत, अभ्यासकांनी हसावं.

पुडकं १८९९ मध्ये बंद पडलं. शीर्षकातला 'तरुण' हा शब्द तर कधीच गळून गेला होता, बहुतेक वाचक म्हातारे झाले असणार. त्याच वर्षी विंचेस्टरच्या मुलींच्या हायस्कूलमध्ये यंगबाईंच्या नावाने स्कॉलरशिप सुरू झाली. मुलींना पुढे युनिव्हर्सिटीत शिकायला जाता यावं म्हणून. बाई तेव्हा हयात होत्या.

परवा रविवारी आत्याकडे गेले होते. तिला ते डोंगराचं कोडं सांगितलं. कागद दे म्हणाली, मग कागद नको म्हणाली. डोळे मिटून बसली. मला वाटलं झोपली.

"चढताना मैलाला वीस मिनिटं, उतरताना दहा," ती म्हणाली. "म्हणजे तेवढाच रस्ता जाऊन-येऊन दोन मैलांना अर्धा तास. सपाटीला पण दोन मैलांना अर्धा तासच की गं. मग चढ किती ते कशाला हवंय, सगळं सपाटच धर. सहा तास, चोवीस मैल."

"आणि माथ्यावर कधी?"

"जाताना बारा मैल. सगळं सपाट असलं तर तीन तास, सगळा चढ असला तर चार. म्हणजे सहा ते सात कधीही. साडेसहा म्हण." डोळे उघडले. "पण वर गेले ते थांबले नाहीत का जरा? चहा नाही, काही नाही?"

मग मी तिला सगळं सांगितलं, पुडकं, हंसमाता, टोपणनावं, डायना माइटवर ती इतकी हसली की ठसका लागला. खाली घंटा झाली तेव्हा मी निघाले. चपला घालत होते तर आतून आवाज आला, पुढच्या रविवारी दुसरी गाठ आण, आणि उत्तर बरोबर आलं तर तुझ्या त्या मोबाईलवर जिथे लिहितेस तिथे लिही, पण माझं नाव नको घालू, शेवंती लिही.